पॉइंट्स नक्की कोणाचे?

विमान कंपन्यांच्या पॉइंट्सबद्दल वर्ध्यात बसून लिहायचं म्हणजे जरा गंमतच आहे. आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमान पकडायचं तर नागपूर गाठायचं, म्हणजे पाऊणशे किलोमीटर. आता समृद्धी महामार्ग झालाय, येळाकेळीला चढलं की पुढे रस्ता सरळ आहे. तरी लोक अजूनही पाच-सहा तास आधी घरातून निघतात आणि सोबत डबा असतोच. इथल्या बहुतेक घरांत 'फ्लाइट' हा शब्द वर्षातून एकदा, फार तर दोनदा निघतो. मुलगा पुण्याला, मुलगी बंगलोरला, एखादं पाखरू अमेरिकेत. त्यांच्याकडे जाणं-येणं, झालं.

पण लिहायचं ठरवलं ते याच कारणासाठी. ही पॉइंट्सची भानगड सगळ्यात जास्त कुणाला टोचत असेल, तर ती वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगावच्या माणसाला. दर आठवड्याला उडणाऱ्या माणसाचे पॉइंट्स सहसा मरत नाहीत. मरतात ते आमचे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही एखाद्या कंपनीचं तिकीट काढता, प्रवास करता, की तुमच्या नावावर काही पॉइंट्स किंवा माइल्स जमा होतात. पुरेसे साठले की त्यावर फुकट तिकीट, किंवा वरच्या वर्गात जागा, किंवा निदान एखादी सुटकेस. अमेरिकन एअरलाइन्सनं मे १९८१ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. त्याआधी तीनच वर्षं, १९७८ साली, अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठायला सुरुवात झाली होती आणि गिऱ्हाईक टिकवायचं कसं ही कंपन्यांना चिंता होती. आपल्याकडे एअर इंडियाची 'फ्लाइंग रिटर्न्स', जेटची 'जेटप्रिव्हिलेज', किंगफिशरची 'किंग क्लब' अशी नावं नव्वदीनंतर येत गेली. इंडिगोनं बरीच वर्षं असलं काही ठेवलंच नव्हतं. त्यांनी २०२४ साली 'ब्लूचिप' आणलं. आता हे सगळीकडे आहे. आणि बहुतेक ठिकाणी पॉइंट्सला मुदत आहे. कुठे ठरावीक वर्षांची, कुठे 'इतके महिने खात्यात काही हालचाल झाली नाही तर' अशी.

आमच्या कॉलनीत एक काका-काकू आहेत, दोघंही निवृत्त शिक्षक. मुलगा न्यू जर्सीला. नातीच्या वेळी काकू गेल्या, नातवाच्या वेळी दोघंही गेले. एवढा लांबचा प्रवास दोन-तीनदा झाला म्हणजे पॉइंट्स बऱ्यापैकी साठतात. काकांनी ते हात न लावता ठेवले होते, कारण शिक्षकाचा स्वभाव. साठवलेलं साठवलेलंच राहतं. मधे करोना आला, मग काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि बंगलोरच्या लेकीकडे जायचा बेत जमेपर्यंत खात्यात शून्य. कुठली कंपनी ते सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. काकांनी ईमेल केला. 'नियम व अटींनुसार' असं उत्तर आलं. मग काकांनी फुलस्केपवर रीतसर पत्र लिहिलं, वर 'विषय' आणि 'संदर्भ' घालून, जसं ते आयुष्यभर जिल्हा परिषदेला लिहीत आले. त्यालाही तेच उत्तर. फोनवरच्या मुलीनं मात्र प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, ते पॉइंट्स तुमचे नव्हतेच. ते कंपनीनं दिलेलं बक्षीस होतं."

"आता बाप्पा!" काका म्हणाले. "मग माझ्या नावावर काऊन लिहून ठेवले होते?"

हा प्रश्न मला फार आवडला. कारण जगभर या विषयावर जेवढे खटले, तक्रारी, भांडणं झाली आहेत त्या सगळ्यांच्या तळाशी हाच प्रश्न आहे. पॉइंट हे बक्षीस आहे की येणं? बक्षीस असेल तर देणाऱ्याची मर्जी, आज दिलं, उद्या परत घेतलं. येणं असेल तर ते बुडवता येत नाही. कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे: बक्षीस. अटींमध्ये तसं लिहिलेलंही असतं, की हे पॉइंट्स म्हणजे सदस्याची मालमत्ता नव्हे.

बरं, ठीक आहे. पण मग कंपन्यांच्या वह्या काय म्हणतात ते बघू. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जमाखर्चाची भीती वाटणाऱ्यांनी दोन परिच्छेद सोडले तरी चालेल. :)

मोठ्या कंपन्यांना आपल्याकडे हिशोब 'इंड एएस' नावाच्या मानकांनुसार ठेवावा लागतो. त्यातलं ११५ क्रमांकाचं मानक १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय मानकांत पॉइंट्सचा हा नियम त्याच्याही दहाएक वर्षं आधी आला होता. नियम असा, की गिऱ्हाइकाला मालाबरोबर पुढे वापरता येण्याजोगा काही ठोस हक्क दिला असेल तर मिळालेली किंमत त्या दोघांत विभागायची. उदाहरणादाखल आकडा घेऊ. तुम्ही १०,००० रुपयांचं तिकीट काढलं आणि त्यासोबत मिळालेल्या पॉइंट्सच्या वाट्याला ५०० रुपये येतात असं कंपनीनं काढलं. तर प्रवास झाल्यावर कंपनीनं उत्पन्न दाखवायचं ९,५०० रुपयेच. उरलेले ५०० देण्याच्या बाजूला लिहायचे. देणं म्हणून! तुम्ही पॉइंट्स वापरलेत, किंवा त्यांची मुदत संपली, की मगच ते उत्पन्नात घ्यायचे. किती पॉइंट्स कधीच वापरले जाणार नाहीत याचाही अंदाज कंपनीला आधीच बांधावा लागतो, आणि तो जुन्या अनुभवावरून बऱ्यापैकी बरोबर येतो.

म्हणजे बघा. तुमच्याशी बोलताना तेच पॉइंट्स 'बक्षीस', आणि वहीत लिहिताना तुमच्याच भाड्यातून बाजूला काढून ठेवलेले पैसे. ऑडिटरसमोर कंपनी म्हणत नाही की हे आम्ही मनाच्या मोठेपणानं वाटलं. मनाच्या मोठेपणाची नोंद वेगळ्या पानावर होते.

दुसरा दाखला करखात्याचा, आणि तो तर आपल्याच देशातला. 'पेबॅक' नावाची पॉइंट्सची योजना अनेकांना आठवत असेल. बँकेच्या कार्डावर, दुकानात, पेट्रोलपंपावर पॉइंट्स मिळायचे, चार पॉइंट्सचा एक रुपया. ती चालवणाऱ्या कंपनीला दुकानं आणि बँका प्रत्येक पॉइंटमागे पैसे देत, आणि गिऱ्हाइकानं पॉइंट्स वापरले की त्यातून मालाची किंमत चुकती होई. मुदतीत वापरले नाहीत तर पैसे त्या कंपनीकडेच राहत. या राहिलेल्या पैशांवर जीएसटी लागतो का, हा प्रश्न २०१८ साली हरियाणातल्या जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणापुढे गेला. कंपनीचं म्हणणं असं होतं, की हा पैसा कायद्यातल्या 'दावा करण्याजोग्या हक्का'चा मोबदला आहे आणि अशा हक्कावर जीएसटी नसतो. प्राधिकरणानं ते मानलं नाही. राहून गेलेला पैसा म्हणजे कंपनीच्या सेवेचा मोबदलाच, त्यावर कर भरा, असा निकाल दिला.

कर लागला की नाही यात मला फारसा रस नाही. मला गंमत वाटते ती युक्तिवादाची. कर वाचवायचा असेल तेव्हा पॉइंट म्हणजे हक्क! आणि सरकारचं उत्तर काय, तर मुदत संपलेले पॉइंट्स म्हणजे कंपनीची कमाई. दोघांपैकी एकानंही म्हटलं नाही की ते काहीच नव्हतं. 'काहीच नव्हतं' हे ऐकायला फक्त गिऱ्हाईक उरलं.

तिसरी साक्ष सावकाराची. २०२० साली करोनानं विमानं जमिनीवर आणली तेव्हा अमेरिकेतल्या कंपन्यांकडे गहाण टाकायला काय उरलं होतं? विमानं बऱ्याच अंशी आधीच गहाण किंवा भाड्याची. मग युनायटेडनं आपली पॉइंट्सची योजना गहाण टाकली आणि जवळपास सात अब्ज डॉलर उभे केले. योजनेची किंमत तेव्हा बावीस अब्ज डॉलरच्या आसपास लावली गेली होती. डेल्टानंही त्याच वर्षी तसंच केलं, अमेरिकननं २०२१ साली. आपल्याकडे त्याच्या आधीच, २०१४ साली, जेटनं 'जेटप्रिव्हिलेज'ची वेगळी कंपनी काढून तिचा ५०.१ टक्के हिस्सा अबू धाबीच्या एतिहादला १५ कोटी डॉलरला विकला होता. मेहेरबानीच्या वाटपावर कोणी एवढे पैसे लावत नाही. पॉइंट्सच्या मागे पैसा आहे हे सावकाराला कळतं.

आणि चौथी साक्ष खुद्द भारत सरकारची. वर्ध्यात केंद्राच्या नोकरीतली माणसं कमी नाहीत. पुलगावचा दारूगोळा डेपो आहे, रेल्वे आहे, पोस्ट आहे. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ मध्ये प्रवासभत्त्याचे जे आदेश निघाले त्यात स्पष्ट म्हटलंय, की सरकारी खर्चानं केलेल्या विमानप्रवासावर मिळालेले पॉइंट्स त्या खात्यानं पुढच्या सरकारी प्रवासासाठीच वापरायचे, आणि कुणी खाजगी सहलीला वापरले तर त्याच्यावर खात्याची कारवाई होईल. विचार करा, बक्षीस जर प्रवाशाला मिळालेलं असेल तर सरकारला त्यात पडायचं कारण काय? कारण सरकारला साधं व्यवहारज्ञान आहे: ज्याने तिकिटाचे पैसे दिले, पॉइंट्स त्याचे. हेच व्यवहारज्ञान काकांच्या बाबतीत मात्र कुठेतरी हरवतं.

आमच्या भागात 'मागाहून मिळणारे पैसे' ही काही नवी गोष्ट नाही. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली तेव्हापासून हिंगणघाट, देवळी, आर्वीच्या शेतकऱ्यानं हेच भोगलंय. कापूस एकाच दिवशी बंडीतून उतरायचा आणि चुकारे हप्त्याहप्त्यानं यायचे. उशीर व्हायचा, चुकारे थकायचे, मोर्चे निघायचे, खरेदी केंद्रावर शिव्यांची लाखोली व्हायची. त्या योजनेचं गुणगान करायचा माझा मुळीच इरादा नाही. पण चुकारा थकला तरी तो चुकाराच राहायचा. 'तू या वर्षी परत कापूस आणला नाहीस, म्हणून मागचा हप्ता बाद' असं म्हणायची तिथे कोणाची छाती झाली नसती. त्याला त्याच जागी बंडीची उभारी उपसून दाखवली असती लोकांनी.

जुन्या बाजारपेठेतला आणखी एक शब्द आठवतो, हुंडी. वर्धा, हिंगणघाट ही कापसाच्या व्यापाराची गावं, म्हणजे हुंडीचीही गावं. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे मोजायचे. मुदती हुंडी असेल तर मुदत भरली की पैसे मोजायचे. तिथे 'मुदत' ही देणाऱ्याच्या मानेवर असायची. तो दिवस आला की त्याला सुटका नाही, पेढीची पत त्यावर. विमान कंपन्यांनी हाच शब्द उलटा करून टाकलाय. मुदत भरली की देणारा मोकळा आणि घेणाऱ्याचं बुडालं. भाषेत एवढी मोठी उलथापालथ झाली आणि आपण 'आय अ‍ॅग्री'वर टिचकी मारून मोकळे झालो.

बँकेचं घ्या. दहा वर्षं हात न लावलेली ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत जाते. पण माणसाचा हक्क जात नाही. पंधरा वर्षांनी त्याची मुलं कागद घेऊन आली तरी पैसे मिळतात, आणि अशा ठेवी शोधायला २०२३ साली 'उद्गम' नावाचं पोर्टलही निघालं. बँकेच्या गिफ्ट कार्डालाही किमान एक वर्षाची मुदत द्यावी लागते आणि मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत धारकाला कळवावं लागतं. पॉइंट्स या कुठल्याच चौकटीत बसत नाहीत, कारण त्यात तुम्ही स्वतंत्रपणे पैसे 'भरलेले' नसतात. भरलेले असतात, पण तिकिटाच्या पोटात. आणि माणूस गेल्यावर तर कितीतरी योजनांत पॉइंट्सही त्याच्याबरोबर जातात, वारसाला काही नाही.

आता दुसरी बाजू. ती नाही असं मी म्हणणार नाही.

कंपन्या म्हणतात, देणं कायमचं वाहत ठेवलं तर हिशोब कधी बंद करायचा? वीस वर्षांपूर्वीचे पॉइंट्स घेऊन उद्या लाख माणसं दारात उभी राहिली तर? यात तथ्य आहे. शिवाय मुदत काढून टाकली की कंपनी तो खर्च दुसरीकडून वसूल करणार. आज दहा हजार पॉइंट्सला मिळणारं तिकीट उद्या बारा हजारांना होईल. हेही खरं, आणि जगात असं झालेलंही आहे. पण माझं म्हणणं इथेच वेगळं होतं. पॉइंट्सची किंमत घसरली तर ती सगळ्यांची घसरते, मुंबईच्या मॅनेजरचीही आणि वर्ध्याच्या मास्तरचीही. मुदतीचा फटका मात्र फक्त कमी उडणाऱ्याला बसतो. त्याच्या तिकिटातून बाजूला काढलेले पाचशे रुपये त्याला कधी मिळतच नाहीत. मग मॅनेजरच्या फुकट तिकिटाचा भार कोण उचलतो? थोडा त्याची कंपनी, आणि थोडा मास्तर. डेल्टानं २०११ साली आणि युनायटेडनं २०१९ साली मुदतीची अटच काढून टाकली. या कंपन्या त्यामुळे बसल्या नाहीत.

दुसरा मुद्दा कंपनी बुडण्याचा. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि 'किंग क्लब'चे पॉइंट्स कागदाच्या किमतीचेही उरले नाहीत. तिथे पगारच थकले होते, पॉइंट्सचं कोण विचारतो! उलट जेट १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबली, पण जेटप्रिव्हिलेज वेगळी कंपनी असल्यामुळे तगली; त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचं नाव 'इंटरमाइल्स' झालं आणि लोकांना साठलेले माइल्स हॉटेल-खरेदीत वापरता आले. आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा विस्ताराचे पॉइंट्स एकास एक या हिशोबानं नव्या खात्यात आले. म्हणजे मनात आणलं तर पॉइंट्स एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाऊ शकतात, कंपनी बंद पडली तरी जगू शकतात. फक्त काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमधून ते जगू शकत नाहीत.

कोर्टांनी काय केलं? अमेरिकेत फार काही हाती लागलं नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८८ साली आधीच साठलेल्या माइल्सच्या वापरावर नवी बंधनं घातली, त्यावरचा खटला १९९५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टात निघाला. कोर्ट म्हणालं, कंपनीनं स्वतः दिलेला शब्द मोडला असं दाखवा, तेवढंच ऐकू; ग्राहक संरक्षणाचे राज्यांचे कायदे इथे चालणार नाहीत. मग २०१४ साली आणखी एक निकाल आला. मिनेसोटातल्या एका रब्बींनी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सकडे फार तक्रारी केल्या म्हणून कंपनीनं त्यांचं सदस्यत्वच काढून घेतलं होतं. त्यांचं म्हणणं, करार पाळताना कंपनीनं सचोटीनं वागायला हवं. नऊच्या नऊ न्यायाधीशांनी ते फेटाळलं.

कॅनडात मात्र वेगळं घडलं. तिथे 'एअर माइल्स' नावाची योजना घराघरांत आहे. पाच वर्षं जुने पॉइंट्स २०१६ च्या डिसेंबरअखेर बाद होणार असं कंपनीनं ठरवलं होतं. लोक इतके चिडले, की ओंटारिओच्या विधानसभेत केवळ वेळ गेला म्हणून पॉइंट्स बाद करायला बंदी घालणारं विधेयक आलं. ते येतंय हे दिसताच कंपनीनं महिनाभर आधीच मुदत मागे घेतली, आणि विधेयक त्याच डिसेंबरात मंजूरही झालं. पण तोवर कितीतरी लोकांनी घाईघाईनं, हाताला लागेल ती वस्तू घेऊन आपले पॉइंट्स उडवून टाकले होते. त्यांची वेगळीच चिडचिड.

आणि आपल्याकडे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, तो वाचला तर वाटतं इथे काहीतरी होऊ शकेल. एक तर तक्रार आता राहत्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीला असो की गुरगावला. म्हणजे वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असंही नाही. दुसरं, या कायद्यात 'अन्याय्य करार' ही कल्पना पहिल्यांदा आली: ग्राहकावर एकतर्फी लादलेल्या, त्याचं नुकसान करणाऱ्या अटी. काकांच्या पॉइंट्सची अट यात बसावी असं मला वाटतं.

पण इथे मेख आहे. अट अन्याय्य म्हणून रद्द ठरवायचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेलाच नाही. तो राज्य आयोगाला आणि त्यावर राष्ट्रीय आयोगाला. म्हणजे मूळ अटीशीच भांडायचं तर वर्ध्याचं दार ओलांडून राज्य आयोगाकडे, आपल्यासाठी नागपूरच्या खंडपीठाकडे जायचं. चार-सहा हजारांच्या पॉइंट्ससाठी कोण हेलपाटे घालणार? सत्तरीतला माणूस तर नाहीच. आणि कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. रक्कम एवढी लहान ठेवायची की भांडणं परवडू नये, आणि माणसं एवढी जास्त की लहान रकमांची बेरीज डोंगराएवढी व्हावी. ज्या कलमाची सगळ्यात जास्त गरज लहान रकमेच्या माणसाला आहे, ते कलम नेमकं त्याच्या आवाक्याबाहेर ठेवलंय. कायदा करणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण झालंय हे असं.

तरीसुद्धा जिल्हा आयोगात काहीच होणार नाही असं नाही. तिथे अट रद्द करा म्हणायचं नाही. सेवेत त्रुटी राहिली, म्हणायचं. मला मुदतीआधी नीट कळवलंत का? कधी, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या भाषेत? सवलतीच्या जाहिराती महिन्याला आठ येतात, आणि पॉइंट्स संपतायत हे सांगणारा एक ईमेल त्याच ढिगात, त्याच रंगात, सगळ्यात खाली. हे भांडण भांडण्यासारखं आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून नोंद करावी, कधीकधी तेवढ्यानंही कंपनी नमते. मुदत मात्र इथेही आहे बरं का: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. पण कायद्यानं घातलेल्या आणि कंपनीनं घातलेल्या मुदतीत फरक आहे. कायद्याची मुदत सगळ्यांना सारखी, जाहीर, आणि उशिराला सबळ कारण असेल तर आयोग ती माफही करू शकतो. गुडघ्याचं ऑपरेशन तिथे कारण म्हणून सांगता तरी येतं.

माझं मागणं फार मोठं नाही. ओंटारिओसारखा कायदा झाला तर उत्तमच, पण ती वाट पाहायची झाली तर नातवंडांची लग्नं होतील. निदान गिफ्ट कार्डाला जो नियम आहे तो पॉइंट्सना लावा: ४५ दिवस आधी कळवा, आणि कळवणं म्हणजे वेगळा, स्पष्ट निरोप, जाहिरातीच्या शेपटाला बांधलेला नव्हे. आणि अन्याय्य अटींचं कलम जिल्हा आयोगापर्यंत खाली आणा, निदान लहान रकमांसाठी. बोर्डिंग पासवर आज प्रवाशाचं नाव असतं, सीट असते, गेट असतं, गेट बंद व्हायची वेळसुद्धा मिनिटासकट असते. त्याच चिठ्ठीवर एक ओळ आणखी छापायला कितीशी शाई लागते? 'या प्रवासाचे पॉइंट्स अमुक, अमुक तारखेला संपतील.' एवढंच.